सकुबाईचा नवा डोळा

वैशाखरे गावाच्या अलीकडे, माळशेजच्या रस्त्याच्या डाव्या अंगाला भाताची खाचरं पायऱ्यापायऱ्यांनी ओढ्यापर्यंत उतरत गेली आहेत. त्यांतली ओढ्याकडची खाचरं सकुबाईची आणि त्यांना लागून असलेली तिच्या दिराची, बारकूची. सासऱ्यानं जिवंतपणीच दोघा मुलांत वाटणी करून मध्ये बांध घातला होता. त्या बांधाच्या माथ्यावर ऐनाचं झाड होतं. राबासाठी, म्हणजे भाताचं रोप टाकायची जागा पाला जाळून भाजायला, त्याच्या फांद्या एक वर्ष थोरल्यानं तोडायच्या, एक वर्ष धाकट्यानं, असा रिवाज होता. पुढे झाड म्हातारं झालं, तोडलं गेलं, बुंधा तेवढा राहिला. सकुबाईचा नवरा गेला तेव्हाही तो बुंधा बांधाच्या माथ्यावरच होता.

बांधाला पाय फुटतात, असं त्या बाजूला म्हणतात. दर पावसाळ्याच्या तोंडाला बांध तासायचा, गवत काढायचं आणि ओल्या चिखलानं लिंपायचा. आता तासणाऱ्यानं आपल्या बाजूनं जरा जास्त तासलं आणि तीच माती शेजाऱ्याच्या बाजूला लिंपत पुढं पुढं सरकवत नेली, तर बांध दर साली वीतभर चालतो. बारकूचा बांध सकुबाईच्या शेतात असाच चालत आला. तिचा मुलगा ज्ञानेश्वर सरळ स्वभावाचा, काकाशी तोंड लावणारा नव्हे. आणि सकुबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पण डोळ्यांना नसलं दिसत तरी पायांना कळत होतं. बांधावरून चालताना ठेचाळायला लावणारा तो ऐनाचा बुंधा आता कुठेच लागत नव्हता. तो बारकूच्या खाचरात, चिखलाखाली गेला होता.

सकुबाईनं गावातल्या जाणत्या माणसांना बोलावलं. तंटामुक्तीचा अध्यक्ष जगन आला, आणखी चारपाच जण आले. वैशाखातली सकाळ, राब भाजून झालेले, उन्हानं जमीन पांढरी पडलेली. जगननं तिला म्हटलं, तुझं म्हणणं काय ते जागेवर दाखव, बांध आधी कुठं होता ते बोटानं दाखव. सकुबाईला समोर उजेडाचा नुसता दुधट पडदा दिसत होता. त्यात काळपट, लांबोडी अशी एक रेघ तिला भासली. तिनं हात लांब करून ती दाखवली.

बारकू शांतपणे म्हणाला, "वयनी, तो माजा रेडा बसलाय. त्याला सुदा घेऊन जा."

माणसं हसली. जगनही हसला. मागून कुणीतरी म्हणालं की वयनीची हद्द आता रोज उठून पाण्यावर जाईल. बारकूची बायको बाईजा तेवढी हसली नाही. तिनं पुढे येऊन सकुबाईचा हात धरला आणि तिला घराकडे न्यायला निघाली. सकुबाईनं तो हात झिडकारला. वाटेत दोनदा पडली, पण कुणाचा हात धरला नाही.

त्या दिवसापर्यंत ती बारकूला 'भावजी' म्हणायची. त्या दिवसापासून तो नुसता बारकू झाला.

सकुबाईची मुलगी स्नेहल मुरबाडला दिलेली. ती तिथल्या औद्योगिक वसाहतीत, डोळ्यांत बसवायची भिंगं बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला होती. आईनं ऑपरेशन करून घ्यावं म्हणून तिनं तोवर किती विनवण्या केल्या होत्या. पण डोळ्याला सुरी लावायची म्हटलं की सकुबाई उठून बाहेर जायची. भाताचं कूस डोळ्यात गेलं तरी माणूस गुरासारखं ओरडतं, इथं तर जिवंत डोळा कापायचा. ती नाही म्हणजे नाही. रेड्याच्या दिवसानंतर मात्र तिनं स्वतःहून ज्ञानेश्वरला स्नेहलला फोन लावायला सांगितला आणि एवढंच म्हणाली, "माजा डोळा करून टाक गो. मला एकाचं तोंड बघायचंय." कुणाला डोळे देव देतो, सकुबाईला रेड्यानं दिले असं म्हणायला हरकत नाही.

धर्मादाय इस्पितळाची तारीख आषाढातली मिळाली. तेवढं थांबण्याइतका दम सकुबाईत नव्हता.

तिच्या माहेरच्या गावी एक जुनं तळं आहे. त्यात देवभात उगवतं. ते कुणी पेरत नाही, कुणी नांगरत नाही, आपोआप येतं आणि आपोआप झडतं. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं, म्हणून बाया त्या दिवशी देवभात खातात. सकुबाईचा भाऊ दर साली थोडं पाठवायचा. ती ते टरफलासकट गाडग्यात ठेवायची आणि पंचमीला उखळात सडून त्यातलं ओंजळभर बाईजालाही द्यायची. देवळात देवभात चालतं, शेतात मात्र ते वैरी. रोप असताना भातासारखंच दिसतं, खत खातं, पाणी पितं, मग इतर भाताच्या आधी निसवतं, म्हणजे कणीस बाहेर टाकतं, आणि लांब तांबडी कुसळं काढतं. कापणीला हात लागायच्या आत दाणा खाली झडतो. तो मातीत पडला की वर्षानुवर्षं निघत नाही. ज्याच्या शेतात देवभात शिरलं त्याच्या शेताची रया गेली.

पेरणीच्या दिवसांत एका पहाटे, उजाडता उजाडता, ती ते गाडगं पदराखाली घेऊन निघाली. बारकूनं आदल्याच दिवशी राबावर पावसाआधीची धूळपेर केली होती. डोळ्यांना दिसलं नाही, पण पायांना राख लागली, नाकाला जळक्या पाल्याचा वास लागला. हातानं चाचपून तिनं राबाची कड पाहिली, आणि पेरणाऱ्या बाईचा हात जसा चालतो तसा तिचा हात चालला. गाडगं रिकामं झालं. पंचमीचं देवाचं धान्य आपण कशाला वापरतो आहोत हे तिच्या मनात आलं नाही असं नाही. आलं, आणि तिनं ते झटकून टाकलं. तिनं पायानं राख सारखी केली आणि घरी येऊन चूल पेटवली.

आषाढात ती मुरबाडला गेली.

स्नेहलची खोली छोटी, पण उजेडाची. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तिनं आईची भीती जावी म्हणून कारखान्यातून एक नापास झालेलं भिंग मागून आणलं होतं. इवल्याशा बाटलीत, पाण्यात बुडालेलं. तिनं ते काढून आईच्या तळहातावर ठेवलं. सकुबाईला दिसलं काहीच नाही, पण बोटाला लागलं ते ओलं, गार, भोकराच्या गरासारखं बुळबुळीत. ती म्हणाली, "काच कुटं हाय? तू काच म्हनत व्हतीस ना?"

स्नेहलनं सांगितलं की ही काच नव्हे, पॉलिमरचं जेल आहे. म्हणजे प्लॅस्टिकच्याच घराण्यातलं, पण पाणी पिणारं. कोरडं असतं तेव्हा कडक असतं, म्हणूनच ते लेथवर कातता येतं आणि घासून गुळगुळीत करता येतं. मग ते मिठाच्या पाण्यात सोडायचं. तिथं ते पाणी पितं, फुगतं, मऊ होतं. मऊ झालं म्हणून त्याची सुरळी करता येते, आणि सुरळी झाली म्हणून डोळ्याला भाताच्या दाण्याएवढीच चीर पुरते. आत गेलं की ते आपोआप उलगडतं आणि जन्मभर तिथंच राहतं. बोलता बोलता तिनं ते भिंग ताटलीत उघडं ठेवलं होतं. रात्रीचं जेवण होईतो ते वाळलं. तिनं ते पुन्हा आईच्या बोटाला लावलं, तर नखाच्या कापलेल्या तुकड्यासारखं टणक. पाण्यात टाकलं, तर सकाळी पुन्हा मऊ.

"बी भिजत घातल्यावानी," सकुबाई म्हणाली. मग तिनं विचारलं, "उगवत तर नाय ना आत?"

स्नेहल खूप हसली. पण ते नापास का झालं, असं आईनं विचारल्यावर ती गंभीर झाली. तिनं सांगितलं की ज्या पातळ रसापासून हे जेल तयार करतात त्यात थोडी जरी भेसळ राहिली, धुण्यात थोडी जरी कसूर झाली, तरी त्या वेळी काही कळत नाही. भिंग आरपार स्वच्छ दिसतं. डोळ्यात बसतं, माणूस खूश होऊन घरी जातो. आणि दोनचार वर्षांनी आतल्या आत त्यावर चुन्यासारखा थर धरतो, ते दुधट होतं. म्हणून शंका आली की अख्खा घाणा फेकून द्यायचा, त्यातलं एकही वापरायचं नाही. "आज दिसत नाय म्हनून सोडून दिलं तर नंतर दुसऱ्याच्या डोळ्यात निघतं, आई."

सकुबाई पांघरूण ओढून भिंतीकडे तोंड करून झोपली.

ऑपरेशन उजव्या डोळ्याचं झालं, डाव्याचं दिवाळीनंतर करू म्हणाले. थेंब टाकून डोळा बधिर केला. डोक्यावर मोठा दिवा, डोळ्यात गार पाणी, कुणीतरी हळूच दाबल्यासारखं झालं आणि संपलं. दुखलं काहीच नाही. डोळ्यात कूस गेल्यावर जेवढं होतं त्याच्या पासंगालाही नाही. इतकी वर्षं आपण कशाला भ्यालो, याचाच तिला राग आला.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा तिनं पहिल्यांदा पाहिला तो स्नेहलचा चेहरा. मुलीच्या कपाळावर आठी पडायला लागली होती, ती तिला ठाऊकच नव्हती. मग तिला एक खेळ सापडला. नवा डोळा झाकायचा, तर सगळं हळदीच्या पाण्यातून बघितल्यासारखं पिवळं, मळकं. जुना झाकायचा, तर भिंत पांढरी, आभाळ निळं, दोरीवरच्या पोलक्याची शिवणसुद्धा मोजून घ्यावी. दिवसभर ती एकेक डोळा झाकून बघत बसे. पण मनात चित्र एकच. बारकूच्या शेतात कुसळं निघालीत, आणि आपण बांधावर उभं राहून त्याच्या तोंडाकडे बघतोय.

डॉक्टरांनी चिखलात जायला, डोळ्यात पाणी जाऊ द्यायला बंदी केली होती. त्यामुळे सगळी आवणी, रोपांची लावणी, होईपर्यंत ती मुरबाडलाच राहिली आणि गणपतीच्या आदल्या दिवशी गावी परतली. घरात पिशवी टाकली आणि थेट शेतावर गेली.

आधी तिनं आपल्या शेताकडे पाहिलं, घरधनीण पाहते तसं, अभिमानानं. भात पोटरीत होतं, कणसं अजून पानात, हिरवंगार. आणि त्या हिरव्यात, बांधालगतच्या खाचरांत, ठिकठिकाणी काहीतरी उंच निघालं होतं. तिनं जुना डोळा झाकला. लांब, तांबडी, उन्हात चमकणारी कुसळं.

क्षणभर तिला वाटलं, आपण उभं राहायला चुकलो, हे बारकूचं शेत. तिनं वळून पाहिलं. बारकूच्या शेतातही तीच कुसळं, याहून दाट. म्हणजे दोन्हीकडे.

ज्ञानेश्वर मागून आला. त्याला तिनं विचारलं की आपलं रोप पुरलं होतं का. त्यानं सहज सांगितलं की कुठलं पुरतं, चिंबोऱ्यांनी निम्मं कातरलं, वरून ओढा आला. बाईजाकाकीकडं उरलं होतं. तिनंच बोलावून दिलं, डोक्यावर जुड्या आणून टाकल्या.

हा त्या बाजूचा जुनाच रिवाज. आवणीला उरलेलं रोप टाकायचं नाही आणि मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, मग तो वैरी का असेना. बोलणं बंद, येणंजाणं बंद, पण रोप बंद नाही. घेणाऱ्यानंही ते कुणाचं म्हणून विचारायचं नाही. सकुबाईनं जन्मभर हा रिवाज पाळला होता. राबावर हात चालवला त्या पहाटे तो तिला आठवला नव्हता, एवढंच.

ज्ञानेश्वर म्हणाला, "काय झालं गो आई?"

"काय नाय. डोळ्याला ऊन लागतं."

ऋषिपंचमीला सकुबाईच्या घरी देवभात नव्हतं. तिनं कंदमुळं उकडून खाल्ली आणि बाईजाकडे ओंजळ पाठवली नाही. तिचं सगळं लक्ष शेतात होतं. देवभात झडायच्या आत उपटलं नाही तर आपली खाचरं गेली. उपटायला लागलो तर बारकू बघणार, विचारणार, सावध होणार आणि स्वतःचंही उपटून टाकणार. म्हणजे आपण केलेलं सगळं फुकट. शेत वाचवावं तर सूड जातो, सूड राखावा तर शेत जातं. दोन दिवस तिनं काढले. तिसऱ्या दिवशी ती खाचरात उतरली, कारण शेत ज्ञानेश्वरचंही होतं.

ती वाकून उपटत होती. ज्ञानेश्वरनं पाखरांसाठी खाचराच्या कडेला एक बुजगावणं उभं केलं होतं, त्याला तिचंच जुनं लुगडं गुंडाळलेलं. बारकू बांधावर येऊन थांबलेला तिला पायांच्या आवाजावरून कळला. आता विचारील, म्हणून ती तशीच वाकून राहिली.

बारकू म्हणाला, "वयनी, डोळा केला म्हनं. काय दिसतं का नाय?"

तिनं मान वर केली. बारकू तिच्याकडे बघत नव्हता. तो बुजगावण्याकडे तोंड करून उभा होता आणि उत्तराची वाट बघत होता.

आता तिनं त्याला नीट पाहिलं. तो पाय टाकण्याआधी अंगठ्यानं बांध चाचपत होता. बाहुलीत तोच करडा, दुधट ठिपका होता जो तिच्या डोळ्यांत होता. त्याच्या अगदी अंगाजवळ कुसळं उभी होती, त्याच्या मांडीला घासत होती, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. वैशाखात तो तसं बोलला, तेव्हा त्याला रेडा तरी दिसला होता की आपला रेडा कुठं बांधलाय हे पाठ होतं, देव जाणे.

"बोलत पन नाय," बारकू बुजगावण्याला म्हणाला. "एवढा राग बरा नाय वयनी." आणि तो चाचपत परत गेला.

सकुबाई चिखलात बसली आणि पदर तोंडात कोंबून हसली. इतक्या वर्षांत ती अशी हसली नव्हती. तिच्या डोक्यात पुढचं सगळं एका क्षणात तयार झालं.

त्या संध्याकाळी बाईजा आली. ती दिवसभर रस्त्याकडच्या फार्महाउसवर साफसफाईला जायची, शेताकडे तिची फेरी क्वचित. बांधावर पडलेला कुसळांचा ढीग तिनं बघितला, ओळखला आणि तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "बाय, आमच्या रोपातनं आलं गो ह्ये. मीच आनून दिलं. तुमचं शेत घान केलं मी."

सकुबाईला तिच्या डोळ्यांतलं पाणी दिसलं. नव्या डोळ्याला सगळंच दिसत होतं, नको ते सुद्धा. खरं बोलायची जागा हीच होती. सकुबाईनं ती ओलांडली. ती म्हणाली, "घान केलं खरं. आता मानसं बोलवते."

गणपती बोळवल्यावर तीच माणसं पुन्हा शेतावर आली. जगन, आणि त्या दिवशी हसलेले बाकीचे. सकुबाईनं गाऱ्हाणं मांडलं की बारकूच्या रोपानं माझं शेत नासलं. जगन म्हणाला, दिलेल्या रोपाचा दोष देणाऱ्यावर घालत नसतात, हे तुला माहीत आहे. सकुबाईला ते माहीतच होतं. ती नम्रपणे म्हणाली की दोष नाही घालत. पण झडायच्या आत त्यानं आपलं तरी उपटावं, नाहीतर ते पुढच्या साली माझ्याकडे येणार. एवढं तर सांगा.

सगळ्यांनी बारकूच्या शेताकडे पाहिलं. जगन म्हणाला, "बारकू, कुसळंच कुसळं रे तुज्यात. आतापरत काय करीत व्हतास?"

"माज्यात काय नाय," बारकू ताठ्यात म्हणाला. "माजं रोप चोख व्हतं."

"मग उपटून दाखव एक," सकुबाई म्हणाली. "मानसं बघतील."

बारकू खाचरात उतरला. आता मागे फिरता येत नव्हतं. त्यानं समोर हात घातला, चाचपला, एक जोमदार थोंब मुळासकट उपटला आणि वर धरला. तो भाताचा होता. निसवायला आलेला, भरलेला थोंब. त्याच्या कोपराला लागून कुसळं डोलत होती.

सकुबाई बांधाच्या कडेला आली. चार महिन्यांनी तिनं त्याला पुन्हा मानानं हाक मारली. "भावजी, तो भात हाय. त्याला सुदा घेऊन जा."

हसू आधी मागून आलं, मग सगळीकडून. बारकू थोंब हातात धरून चिखलात उभा. त्याचा चेहरा तिनं एक डोळा झाकून पाहिला. ज्या तोंडासाठी तिनं डोळ्यात सुरी घालून घेतली ते हे तोंड. कानाच्या पाळीपर्यंत तांबडं झालेलं. ती बघत राहिली, पोट भरेपर्यंत.

मग ती जगनकडे वळली. वैशाखात माझं तुम्ही ऐकलं नाही, कारण मला दिसत नव्हतं. मग ज्याला कूस आणि भात ओळखता येत नाही त्याचं बांधाबद्दलचं म्हणणं कसं ऐकलंत, असं तिनं विचारलं. सकुबाई पदर खोचून बारकूच्या खाचरात उतरली. पायांना जे ठाऊक होतं तिथं डोळा घेऊन ती गेली आणि एका जागी थांबली. "हितं खना."

पहार आणली. तिसऱ्या घावाला लाकूड वाजलं. ऐनाचा बुंधा होता.

बांध मागे न्यायचं ठरलं, आणि ज्यानं तो पुढे आणला त्यानंच न्यावा असंही ठरलं. आश्विनात ऊन तापायला लागलं तेव्हा बारकू फावडं घेऊन चिखल ओढत होता आणि बाईजा पाटीनं टाकत होती. कुठवर आलं ते त्याला दिसत नव्हतं. सकुबाई बुंध्यावर बसून सांगायची, डावीकडं घे, अजून घे. कधी नीट झालेलं असलं तरी सांगायची, अजून घे. परत मिळालेल्या पट्ट्यातली कुसळं तिनं एकटीनं उपटली, पण उशीर झाला होता. निम्मं बी झडून मातीत गेलं होतं. बारकूनं राबाच्या कडेचं रोप आधी उपटून आवणी बांधाकडून सुरू केली होती, म्हणून सगळ्यांत दाट तिथंच. आता ती जमीन तिची होती आणि त्यातलं देवभातही तिचं, वर्षानुवर्षं.

शेवटच्या दिवशी बाईजा पाटी उपडी करून तिच्या शेजारी टेकली. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग ती खाली बघत म्हणाली, "बाय, ह्या सालाला पंचमीला देवभात नाय दिलास."

"म्हायेरचं तळं आटलं," सकुबाई म्हणाली.

बाईजानं वर पाहिलं. ती रोज रस्त्यानं जाणारी येणारी बाई, त्या साली पाऊस किती झाला होता ते तिला ठाऊक होतं. ती फक्त बघत राहिली, आणि सकुबाईला तिच्या पापणीचा केस न् केस दिसत होता. मग बाईजा उठली, पाटी काखेला मारली आणि मागे न बघता घराकडे चालू लागली. यानंतर आवणीला त्या घरातून रोप येणार नाही, हे सकुबाईला कळलं. रिवाज राहील, कुणी नाही म्हणणार नाही. फक्त कुणी बोलावणारही नाही.

बारकू बांधावर बसला होता, पाय चिखलानं माखलेले. बायको गेली हे त्याला दिसलं नव्हतं. ज्या बाजूला सकुबाई असावी असं त्याला वाटलं त्या बाजूला तोंड करून, इतक्या वर्षांत कधी नव्हे अशा नरम आवाजात म्हणाला, "वयनी, स्नेहलला इच्यारशील का माज्यासाटी? तारीख मिळंल का म्हनून." आणि मग, "खरं सांग, लय दुखतं का गो?"

हाडापेरानं मोठा माणूस, सुरीच्या नुसत्या नावानं भ्यालेला. ही भीती सकुबाईनं स्वतःच्या पोटात वर्षानुवर्षं सांभाळली होती. ती किती खोल जाते आणि माणसाला किती वर्षं अंधारात बसवते, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

नव्या डोळ्यानं तिनं त्याच्याकडे नीट पाहून घेतलं.

"लय दुखतं," ती म्हणाली. "लय म्हंजे लय."